बसकरपट्टीवर कोण कुठे बसते?

या महिन्याच्या टपालातून सात पत्रे निवडली आहेत. ती निरनिराळ्या जिल्ह्यांतून आणि निरनिराळ्या वयाच्या वाचकांकडून आली असली तरी विषय एकच आहे : मुले घरून जात, भाषा, आईवडिलांचा धंदा, शरीर, मुलगा किंवा मुलगी असणे असे जे वेगळेपण घेऊन वर्गात येतात, त्याचे शाळेने काय करायचे? पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत आणि लांब पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : बाई, माझ्याकडे चौथीचा वर्ग आहे. मी कोणताही भेदभाव करत नाही, मला सगळी मुले सारखीच आहेत आणि जातीचा उल्लेख मी वर्गात कधीही करत नाही. तरीसुद्धा पोषण आहाराच्या वेळी मुले आपापल्या वस्तीप्रमाणे गट करून बसतात. समजावून सांगितले, परिपाठात समतेवर बोलले, पण दोन दिवसांनी पुन्हा तेच. माझे कोठे चुकते?
– शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, अंबाजोगाई तालुका

उत्तर : तुमच्या मनात भेद नाही, यावर माझा विश्वास आहे, परंतु मुलांना शिक्षकाचे मन दिसत नाही, त्यांना शिक्षकाची रीत दिसते. म्हणून मनाची तपासणी बाजूला ठेवून एक आठवडा फक्त रीत तपासावी, असे मी सुचवते. वहीच्या मागच्या पानावर वर्गाचा नकाशा काढा आणि पहिल्या पट्टीवर कोण, खिडकीजवळ कोण, दाराशी चपलांजवळ कोण, हे पाच दिवस लिहून ठेवा. त्याच पानावर आणखी काही नोंदी करा. पाहुणे आले की चहा आणायला कोणाला पाठवले जाते, स्वागताचे फूल कोणाच्या हाती दिले जाते, वर्ग कोण झाडते, पाण्याच्या पिंपावरचे ओगराळे कोणाच्या ताब्यात असते, कोणाला नावाने हाक मारली जाते आणि कोणाला आडनावाने किंवा वस्तीच्या नावाने? मी नोकरीच्या शेवटच्या वर्षांत असे पान भरले, तेव्हा चार दिवस ते कोणाला दाखवण्याची हिंमत मला झाली नाही.

तुम्ही वर्गात जात काढत नाही, पण शाळा काढते, हेही लक्षात घ्या. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचे दिवस आठवून पाहा. ‘अमुक प्रवर्गाची मुले उभी राहा’ हे वाक्य मराठवाड्यातल्या किती शाळांत किती वर्षे ऐकू आले असेल, याची मोजदाद कोणी केलेली नाही. परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेत मी स्वतः ते म्हणाले आहे. मी यादी वाचली, सहा मुले उभी राहिली आणि सातवी मुलगी मान खाली घालून बसून राहिली. मी तिचे नाव पुन्हा मोठ्याने घेतले. मला वाटले की तिला ऐकू आले नसेल. त्यानंतर ती आठवडाभर शाळेत आली नाही. घरी गेले तेव्हा तिच्या आईने एवढेच विचारले, ‘पैसे घ्यायचे तर समद्यांम्होरं उभं राहायलाच पायजे का?’ त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते, कारण तसा नियम कोठेच नव्हता, ती केवळ आमची सोय होती. दाखल-खारीज नोंदवहीतला जातीचा रकाना मुलाच्या हक्कासाठी असतो, तो अचूक भरलाच पाहिजे. पण तो कार्यालयाचा कागद आहे, वर्गाचा नाही. कागदपत्रे पालकांकडून, पालकांच्या वेळेत, एकेकट्याने घ्यावीत. थोडा वेळ जास्त लागतो.

हाच न्याय वस्तीच्या नावांना लावावा. राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, परंतु हजेरी घेताना शिक्षकाच्या तोंडी जुने नाव राहिले तर मुलांसाठी ते बदललेले नसते.

आता जेवणाच्या पंगतीविषयी. समतेवर भाषण केल्यामुळे कोण वेगळे बसते याकडे सगळ्यांचे बोट मात्र जाते, म्हणून भाषण थांबवा आणि पंगतच बदला. हजेरी क्रमांकाने बसवा, पुढच्या सोमवारी उलट क्रमांकाने बसवा, त्यानंतर जन्ममहिन्याने बसवा. कारण सांगू नका. वाढण्याचे काम चार-चार मुलांच्या गटांना आळीपाळीने द्या आणि गट तुम्हीच करा. मुलांना देण्यापूर्वी शिक्षकाने आहाराची चव घ्यायची असते, आणि तशी नोंदही तुम्ही वहीत करत असाल. पण ती चव तुम्ही कोठे बसून घेता? कार्यालयात वाटीत मागवून घेत असाल तर मुलांनी ते पाहिलेले आहे. पंगतीच्या मधोमध बसून मुलांसारख्याच ताटात जेवलात, तर ते बोलून दाखवण्याची गरज राहत नाही.

साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला बसायला घरून गोणपाट आणावे लागे आणि शिपाई नसेल त्या दिवशी पाणी मिळत नसे, हे आपण सगळेच दर वर्षी १४ एप्रिलला सांगतो. त्या शिक्षकांपैकी काही जण स्वभावाने कठोर नसतीलही. ते चालत आलेली रीत चालवत होते. एखाद्या पालकाने आहार शिजवणाऱ्या ताईंच्या जातीवरून हरकत घेतली, तर त्यावर वर्गात किंवा मुलासमोर चर्चा करू नका. राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केलेली आहे, १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने तिचे पालन गुन्हा ठरवले आहे आणि आहार शिजवण्याच्या कामात दलित व आदिवासींना प्राधान्य द्यावे असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितले आहे, एवढे कार्यालयात शांतपणे सांगावे. ही तडजोडीची बाब नाही.

प्रश्न : माझ्या तिसरीच्या वर्गात तेलुगू बोलणारी, उर्दू बोलणारी आणि तांड्यावरून येणारी गोरमाटी (बंजारा बोली) बोलणारी मुले आहेत, मराठी बोलणाऱ्या घरातली मुले निम्मीसुद्धा नाहीत. ‘माझी पुस्तक’, ‘थंडा पाणी’, ‘तो खुर्ची’ असे कोणी म्हणाले की बाकीची मुले हसतात आणि मग ते मूल तोंडच उघडत नाही. ‘घरी मराठी बोला’ असे मी पालकांना दोन सभांत सांगितले, उपयोग झाला नाही. काय करावे?
– शिक्षक, देगलूर तालुका

उत्तर : हसणे थांबवायचे असेल, तर चूक कशी होते हे आधी आपल्याला कळले पाहिजे. उर्दूत किताब स्त्रीलिंगी असते, म्हणून ‘मेरी किताब’ म्हणणारे मूल मराठीत ‘माझी पुस्तक’ म्हणते. त्या भाषेत नपुंसकलिंग नाही आणि पानी पुल्लिंगी आहे, म्हणून ‘थंडा पाणी’. तेलुगूत निर्जीव वस्तूंना ‘तो’ किंवा ‘ती’ म्हणण्याची पद्धतच नाही. दगड तो, खुर्ची ती आणि टेबल ते, हे कशावरून ठरले याचे उत्तर तुमच्या-माझ्याजवळही नाही, मग ते आठ वर्षांच्या मुलाने कोठून आणावे? म्हणजे तुमचे मूल गोंधळलेले नाही. ते एका भाषेचे नियम दुसऱ्या भाषेला अगदी काटेकोरपणे लावते आहे. हे तुम्ही वर्गात कौतुकाने उलगडून सांगितले की हसण्यातला निम्मा जोर जातो. उरलेला निम्मा घालवण्यासाठी मराठी मुलांना तेलुगूत दहापर्यंत आकडे म्हणायला लावा आणि तपासायला तेलुगू बोलणाऱ्या मुलाला बसवा.

एक गंमत सांगते. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. पहिल्यात ऐकणारा बाहेर राहतो, दुसऱ्यात तो आत येतो. तेलुगूतही हा भेद आहे, तेथे ‘मेमु’ आणि ‘मनमु’ म्हणतात. उर्दूत दोन्हीसाठी ‘हम’ चालते. त्यामुळे हा पाठ आला की तेलुगू बोलणारी मुले इतरांपेक्षा पुढे असतात, पण ते पुढे आहेत हे शिक्षकाला ठाऊक नसेल तर त्यांनाही ठाऊक होत नाही. तो पाठ त्यांच्याकडून शिकवून घ्या.

पालकांना ‘घरी मराठी बोला’ असे सांगू नका, ही माझी आग्रहाची विनंती आहे. ज्या आईला मराठी जेमतेम येते, ती शाळेचे ऐकून मराठी बोलू लागली तर ती मुलाशी कमी बोलेल. गोष्टी, म्हणी, रागावणे, लाड, हिशेब हे सगळे आटेल आणि त्या मुलाच्या हाती धड एकही भाषा लागणार नाही. तिला उलट सांगा, तुमच्या भाषेत भरपूर बोला, गोष्टी सांगा; मराठीचे आम्ही पाहू. पहिल्या सत्रात गोष्ट सांगताना तिचा गाभा आधी मुलांच्या भाषेत पोहोचू द्या. वरच्या वर्गातली एखादी ताई त्यासाठी येऊ शकेल, मात्र तिचा स्वतःचा तास बुडवून नव्हे. गणिताचे तोंडी उत्तर कोणत्याही भाषेत स्वीकारा, कारण तेथे तुम्ही गणित तपासत असता. चुकीचे वाक्य ‘असे नाही म्हणायचे’ म्हणून तोडण्याऐवजी तेच बरोबर करून सहज परत म्हणा : ‘हो, तुझे पुस्तक माझ्याकडे आहे.’ भिंतीवर आई, अम्मी, अम्मा, याडी आणि भाकरी, रोटी, रोट्टे, बाटी असे शब्द शेजारी शेजारी लावा. तेलुगू आणि उर्दू लिपीतले अक्षर गावातल्या एखाद्या पालकाकडून लिहून घ्या. त्या निमित्ताने जे वडील कधी शाळेची पायरी चढले नव्हते ते आत येतात, हा माझा अनुभव आहे.

हे सगळे नवीन फॅड आहे असे तुमचे सहकारी म्हणतील. त्यांना सांगा, भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिकण्याच्या सोयी मिळाव्यात असे राज्यघटनेचा ३५०क हा अनुच्छेद म्हणतो आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ माध्यम शक्यतो मातृभाषा असावे असे सांगते. मराठवाड्याला तर याची वेगळी आठवण करून देण्याची गरज पडू नये. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू होते. माझ्या वडिलांच्या पिढीतली मराठी मुले वर्गात शेवटी बसून न कळणाऱ्या भाषेतली गणिते पाठ करत होती. जमिनीच्या जुन्या कागदांतले खासरा पत्रक आणि मुन्तखब हे शब्द अजून आपल्या तोंडी आहेत. घरची भाषा शाळेच्या दाराबाहेर ठेवावी लागते तेव्हा काय होते, हे ज्यांच्या घरात दोन पिढ्यांपूर्वी घडले, त्यांनीच ते आता दुसऱ्याच्या लेकराला करावे हे काही बरे दिसत नाही.

आणखी एक. तुमच्या वर्गातली मराठी मुलेही ‘मी जेवायलोय’, ‘तू काय करायलास’ असेच बोलत असणार आणि पुस्तकात ‘मी जेवत आहे’ असते. त्यांची बोली अशुद्ध ठरवली जात असेल, तर तुमच्या वर्गात घरची भाषा चालते असे एकही मूल उरत नाही. किनवट-माहूरच्या बाजूला गोंडी आणि कोलामी बोलणाऱ्या मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांपुढची अडचण याहून मोठी आहे. त्यावर स्वतंत्रपणे लिहीन.

प्रश्न : आमच्या शाळेतली जवळपास निम्मी मुले दसरा-दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. वयाप्रमाणे पाचवीत बसतात, पण वाचन तिसरीचेही नसते. इतर मुले त्यांना ‘कोयत्यावरचे’ म्हणतात. त्यांचा वेगळा वर्ग करणे सोयीचे होईल का?
– मुख्याध्यापक, धारूर तालुका

उत्तर : सोयीचे होईल, पण कोणाच्या? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ नुसार मुलाला वयानुरूप वर्गातच बसवायचे असते आणि मागे पडलेल्या भागासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचे असते. दिवसातून तासभर, त्या मुलांच्या स्तराप्रमाणे, वाचन आणि अंकज्ञानाचे वेगळे काम जरूर घ्या आणि त्या तासात गावात राहिलेली पण वाचता न येणारी मुलेही बसवा, ती असतातच. मग तो ‘कोयत्यावरच्यांचा वर्ग’ राहत नाही. बाकीचा दिवस सगळे एकत्र असावेत.

खरे काम मात्र मुले परतल्यावर नव्हे, जाण्यापूर्वी करायचे असते. आजीजवळ किंवा नातलगाजवळ मूल राहू शकत असेल, तर हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव गाड्या हलण्याआधी मंजूर झालेला हवा. दिवाळीनंतर सुरू झालेले वसतिगृह अर्ध्या रिकाम्या गावाला जेवू घालते. जे मूल जाणारच आहे त्याच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्या, कारखान्याचे नाव आणि मुकादमाचा फोन लिहून घ्या आणि त्या भागातल्या शाळेशी स्वतः बोला. पटावरून नाव कमी करू नका.

‘कोयत्यावरचे’ या शब्दाविषयी. त्या धंद्यात कोयता म्हणजे केवळ हत्यार नव्हे. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता होतो आणि उचल त्या जोडीवर दिली जाते. मुलगी दहा-बारा वर्षांची झाली की धाकट्या भावंडाला सांभाळणे आणि कोपीवर (फडाजवळच्या झोपडीवर) पाणी भरणे हे तिचे काम असते, आणि त्याची मजुरी कोणत्याही हिशेबात येत नाही. अशी मुलगी परत आल्यावर धाकट्याला कडेवर घेऊन शाळेत आली, तर त्याला बसू द्या. तो रडला तर तासाचे फार नुकसान होत नाही, ती आली नाही तर होते. टन, मोळी, उचल, खाडा हे शब्द गणितात आणा, कारण हा हिशेब त्या मुलांना तुमच्या-माझ्याहून चांगला येतो. मात्र एक पथ्य पाळा : कोणत्याही मुलाला ‘तुमच्या घरी किती उचल घेतली’ असे विचारू नका. उदाहरणातले कुटुंब कल्पनेतले असावे. कर्ज हा चारचौघांत सांगण्याचा विषय नाही, ते लहान मुलालाही कळते. आणि परत आलेल्या पहिल्या आठवड्यात चाचणी घेऊ नका.

प्रश्न : पारधी वस्तीवरच्या एका मुलाकडे जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश थांबला आहे. शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य म्हणून मी काय करू शकतो?
– एक पालक, कळंब तालुका

उत्तर : वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम १४ स्पष्ट सांगते. अंगणवाडीची किंवा दवाखान्याची नोंद चालते, तीही नसेल तर पालकांचे लेखी निवेदन चालते. मुलाला उद्याच वर्गात बसवा, कागद नंतर होतील.

प्रवेशानंतर मात्र तुमचे काम संपत नाही. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि १९५२ मध्ये तो शिक्का कागदावरून गेला. वर्गात कोणाची कंपासपेटी हरवली की पहिले दप्तर कोणाचे उघडले जाते, यावरून तो गावातून गेला की नाही ते कळते. समितीच्या बैठकीत एवढा ठराव करून घ्या की कोणतीही वस्तू हरवली तरी कोणत्याही एका मुलाचे दप्तर तपासले जाणार नाही.

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे. त्याच्या वर्गात एक मुलगा कानाला यंत्र लावतो, त्याला नीट ऐकू येत नाही. शिक्षक प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतात, वर्गाचा वेग कमी होतो. पुढे स्पर्धा आहे. अशा मुलांना त्यांच्या विशेष शाळेत का घालत नाहीत?
– पालक, लातूर शहर

उत्तर : कारण तो निर्णय तुमचा नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला आहे. पसंती त्याची आणि त्याच्या घरच्यांची. शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या वडिलांची नव्हे.

लातूरला वेगाचे मोल अधिक आहे, हे मी समजू शकते. ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द मीही अभिमानाने वापरला आहे. परंतु कमी ऐकू येणाऱ्या मुलासाठी चांगला शिक्षक काय करतो ते पाहा. तो फळ्याकडे तोंड करून बोलत नाही, मुलांनी विचारलेला प्रश्न मोठ्याने पुन्हा सांगतो, मुख्य शब्द फळ्यावर लिहितो, एका वेळी एकालाच बोलू देतो. यातली कोणती गोष्ट तुमच्या मुलाच्या आड येते? शेवटच्या बाकावर बसून काहीच न कळणाऱ्या, पण कानाला यंत्र नसलेल्या मुलांना याचा उपयोग किती होतो, हे त्यांच्या वह्या पाहिल्यावर दिसेल. आणि यंत्र लावलेल्या मुलाबद्दल घरी असे बोलणे होत असेल, तर ते तुमच्या मुलापर्यंत पोहोचलेले आहे, आणि त्याच्याकडून त्या मुलापर्यंतही.

प्रश्न : माझी मुलगी चौथीत आहे. तोंडी सगळे सांगते, पण वाचताना अडखळते, जोडाक्षरे गाळते, लिहिताना अक्षरे उलटी काढते. वर्गात तिला ‘ढ’ म्हणतात. तिला डिस्लेक्सिया असेल का?
– एक आई, परतूर तालुका

उत्तर : ताई, पत्रावरून ते सांगता येत नाही आणि कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळा दिसत नाही म्हणून ‘ढ’ ठरलेली मुले मी पाहिली आहेत. त्यानंतर तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना भेटा. ते पुढची तपासणी कोठे करायची ते सांगतील. अध्ययन अक्षमता ही दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांपैकी एक आहे आणि रीतसर प्रमाणपत्र मिळाल्यास पुढे परीक्षेत लेखनिक आणि तासामागे २० मिनिटे जादा वेळ अशा सवलती मिळू शकतात. पण चौथीतल्या मुलीला आज प्रमाणपत्रापेक्षा दुसरे काही हवे आहे. वर्गशिक्षकांना भेटून एवढीच विनंती करा की तिला सगळ्यांसमोर उभे करून वाचायला लावू नका, तोंडी उत्तर घ्या आणि ‘ढ’ हे अक्षर मुळाक्षरांतच राहू द्या.

प्रश्न : बाई, मी आठवीत आहे. आमच्या शाळेत वर्ग झाडणे, पाणी भरणे आणि कार्यक्रमात रांगोळी काढणे हे मुलींनाच सांगतात. मुले तेव्हा मैदानात खेळतात. पाळी आलेली असली तरी पाण्याच्या बादल्या उचलाव्या लागतात. मी सरांना विचारले तर ते म्हणाले, ‘मुलींना वळण असते, म्हणून सांगतो.’ मी चूक विचारले का?
– एक विद्यार्थिनी, कळमनुरी तालुका

उत्तर : बाळ, तू अगदी बरोबर विचारलेस, आणि नाव-गाव छापू नका असे लिहिलेस तेही शहाणपणाचे केलेस. वळण चांगले असेल तर ते मुलांनाही लागू द्यावे, असे तुझ्या सरांना मी या पानावरूनच सांगते. झाडू, बादली, रांगोळी, मैदान आणि घंटा ही सगळी कामे हजेरी क्रमांकाने वाटली तर कोणाची तक्रार राहत नाही. तसा तक्ता तुम्ही मुलींनी आणि तयार असतील त्या मुलांनी मिळून करा आणि वर्गशिक्षकांना दाखवा. तू एकटी पुढे होऊ नकोस, चौघी-पाचजणी सह्या करा. शाळेत मीना-राजू मंच असेल तर तेथे विषय काढा. शाळा व्यवस्थापन समितीत पालक तीन चतुर्थांश असतात आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. त्यांच्यापैकी एखादी तुमच्यातल्या कोणाची आई, मावशी किंवा काकू असेलच, तिला पाळीच्या दिवसांतल्या बादल्यांची गोष्ट सांगा. सरांना सांगायला अवघड वाटते ते तिला सांगता येईल. एवढे करूनही काही हलले नाही, तर तक्रारपेटीत चिठ्ठी टाका. पण टाकण्यापूर्वी ती पेटी कधी आणि कोणासमोर उघडतात, आणि तिची किल्ली कोणाकडे असते, तेवढे विचारून घे आणि मला पुन्हा लिही.